सायीचं नाक

३ एप्रिल
बायको बहिणीकडे गेली. चार दिवसांत राग उतरेल. तिची घोडी, साय, इथेच आहे, म्हणजे ती येणारच. साय नावासारखीच पांढरी, फक्त नाक आणि डोळ्यांभोवतीची कातडी गुलाबी. तिथे बायको रोज सकाळी सनक्रीम चोळायची. मी हसायचो. शेवटचं भांडण त्यावरूनच झालं.

५ एप्रिल
संकल्प : क्रीम बंद. रोज तीन तास ऊन. माणूस टॅन होतो, मग ऊन बाधत नाही. तशीच साय सावळी होईल. बायको आल्यावर तोंडात बोटं घालेल.

८ एप्रिल
नाक लाल. प्रोग्रेस आहे.

११ एप्रिल, दुपारी १
सालपटं निघताहेत. बादलीत तोंड घातलं की साय झटकन मागे सरते. सकाळी क्रीमच्या वेळेला फाटकाकडे बघत उभी असते. सवय मोडायला वेळ लागतोच. मीही अजून दोन कप चहा करतो. घर खायला उठतं.

१३ एप्रिल
जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं, सहज. म्हणाले, गुलाबी कातडीत रंगच नसतो. ती काळी पडत नाही, नुसती भाजते, पुढे गाठीही येतात. मला कल्पना होतीच, म्हटलं. क्रीम लावायला गेलो तर सायीने पाठ फिरवली.

१४ एप्रिल
डॉक्टरांनी परस्पर बायकोला कळवलं. तिचा फोन आला. सहा मिनिटं, फक्त सायीबद्दल. पण फोन तर आला! उद्या दहाला येते म्हणाली. चादरी बदलल्या, दाढी केली.

१५ एप्रिल
म्हटलं नव्हतं, येईल म्हणून? आली. मी आठपासून फाटकात, ती दुपारी एकला आली. मागे घोडे न्यायची गाडी.
सायीने आपणहून नाक पुढे केलं, मुकाट क्रीम लावून घेतलं. बोटाला उरलेलं क्रीम बायको नेहमी माझ्या नाकाला पुसायची. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तिने रुमालाला पुसलं.
म्हणाली, "तिला सांगता येत नाही, म्हणून नेतेय. मला सांगता येत होतं. सांगून सांगून थकले मी."
चहा नको म्हणाली.

संध्याकाळी ७
तबेला झाडला. क्रीमची ट्यूब खिडकीत विसरलीय. म्हणजे न्यायला येणार.
आरशात पाहिलं तर उन्हात उभं राहून माझंच नाक भाजलंय. थोडं लावावं म्हणून ट्यूब दाबली. रिकामी होती.