मिटते, उघडत नाही

३ फेब्रुवारी

मिटते. उघडत नाही. आजचा निकाल संपला.

केंद्रातली अक्षया म्हणते, "रोज लिहीत जा मॅडम, डावा हात वळेल आणि मनही मोकळं होईल." मन म्हणजे काय एसटी आहे, कुडाळला आली की रिकामी व्हायला! अक्षर तर असं, की पहिलीतल्या मुलालाही मार पडावा. वीस वर्षं दर रविवारी वर्तमानपत्रातल्या सदरात ज्या उजव्या हाताने मी जिल्ह्याची सालं काढली, तो कोपराखालून जाऊन सव्वा वर्ष झालं. सदर तोंडी सांगून पाहिलं. जमत नाही. माझं लिहिलेलं चावायचं, सांगितलेलं नुसतंच भुंकतं.

म्हणून पिंगुळीच्या पुढच्या त्या केंद्रात जाते. डोक्यावर तारांची टोपी, केसांत चिकट जेल. मी मनात मूठ मिटायची, टोपीने ते मेंदूतून टिपायचं आणि नव्या कृत्रिम हाताने मूठ मिटायची. मिटते! पहिल्या दिवसापासून मिटते. मग मनात उघडायची. ढिम्म. पिंगुळीत बाहुल्या दोरीने नाचवतात. माझी दोरी थेट डोक्यातून निघते, तरी बाहुली माझं ऐकत नाही.

२७ला चाचणी. दहापैकी सात वेळा उघडली तर हात माझा. नाही तर वैभववाडीचा कोणी बाबू रांगेत आहे. भातगिरणीत हात गेला. चोवीस वर्षांचा. हे अक्षयाने मला सांगायला नको होतं.

४ फेब्रुवारी

दहापैकी शून्य. एवढे कमी मला गणितातही नव्हते.

८ फेब्रुवारी

चर्चमधल्या मिस्सानंतर आग्नेलच्या थडग्यावर फुलं ठेवली. नवऱ्याच्या शवपेटीत माझा हातही आहे. त्याच्या थोरल्या भावाने, बस्त्यांवभावजींनी ठेवला. मी तेव्हा इस्पितळात बेशुद्ध. अंत्यविधीला बायको गैरहजर, तिचा हात मात्र हजर! हा विनोद मी सगळ्यांना सांगून झालाय. ऐकणारे आपल्या चपला बघत बसतात.

११ फेब्रुवारी

आज केंद्रात पाहुणे. एक पुढारी — त्यांच्या एका रस्त्यावर मी सहा सदरं लिहिली होती, तो रस्ता मात्र अजून व्हायचाच आहे. फोटोसाठी हस्तांदोलन. अक्षया कानात म्हणाली, "हळू हं मॅडम." मी मनात मूठ मिटली. धरला त्यांचा हात! टाळ्या. फोटो झाला. टाळ्या संपल्या. हात काही सुटेना.

"ताई, आता सोडा," ते हसत म्हणाले. मग न हसता म्हणाले. मग कपाळावर घाम — "अहो, सोडा ना!" शेवटी अक्षयाने धावत येऊन कोपराजवळचं लाल बटण दाबलं.

वीस वर्षं लिहून जो माणूस कधी हाती लागला नाही, तो आज लागला. घरी येईपर्यंत हसायला हवं होतं. उलटी झाली. "सोडा" म्हणाला ना तो. त्या शब्दाने.

१२ फेब्रुवारी

कागदाला सांगते. कागद कुणाला सांगायला जात नाही.

तोंडवलीचा धक्का. आग्नेल पर्यटकांची होडी घेऊन आला होता. सगळे उतरले, शेवटी हा. लाट आली, पाय घसरला, आणि तो होडी आणि धक्का यांच्या मध्ये गेला. मी धक्क्यावर पालथी पडून उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं. होडी परत आत येताना त्याला दिसली. मला नाही. "सोड गो! हात जायत तुजो! सोड!"

पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा हात नव्हता, आग्नेल नव्हता. सगळ्यांना सांगितलं, सुटला. सुटला नाही. धरलेलं माणूस असं सुटत नाही. दुखलं असणार आणि मी सोडला. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याचं एक ऐकलं नाही — छत्री घे, मीठ कमी घाल, त्या आमदारावर लिहू नको. ऐकलं ते हे एकच!

१५ फेब्रुवारी

सुभद्रा सकाळी बांगडे साफ करायला येते. मला एका हाताने जमत नाही आणि ती मला जमू देत नाही. आज सुरी थांबवून म्हणाली, "बाय, तो हात पुरलो तेवा मूठ मिटलेली होती काय उघडी?"

"का गो? तुला काय करायचंय?"

"थयसर मिटलेली आसात तर हयसर कशी उघडतली? भावजींका इचारा. नाय तर माका सांगा, आमच्या देवाक कौल लावतंय."

"कौल उजवा लागला तर चांगला ना?"

"व्हय."

"मग सोड. माझं उजवं काही उरलेलंच नाही."

हसली. सुरी पुन्हा चालू. पण भावजींना विचारायची माझी छाती नाही. मिटलेली म्हणाले तर सुभद्राचं खरं. उघडी म्हणाले तर माझं.

१८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. कपाळावर पाद्रींनी लावलेली राख, वर तारांची टोपी. अक्षया म्हणाली, "मॅडम, पुढच्या सेन्सरखाली राख येतेय, थोडी पुसू?" पूस बाई. माती आहेस आणि मातीला मिळशील — पण आधी दहापैकी सात.

दहापैकी एक. तीही वायर हलली म्हणून.

२० फेब्रुवारी

नसलेल्या हाताची नखं नसलेल्या तळव्यात रुततात. पहाटेपासून. गोळीने थांबत नाही. गोळी घालणार कुठे? दुखतंय ते पेटीत.

२२ फेब्रुवारी

रविवार. वर्तमानपत्रात माझ्या जागी नारळाच्या खताची जाहिरात. माझ्यापेक्षा उपयोगी.

अक्षयाने काल संगणकावर दोन रेघा दाखवल्या. "ही मूठ मिटतानाची. आणि ही तुम्ही स्वस्थ बसलेल्या असतानाची." दोन्ही सारख्याच! "तुम्ही सतत धरून असता, मॅडम. काय धरलंय एवढं?" पोर हुशार आहे. मी म्हटलं, "डूख." तिने ते खरं मानून वहीत लिहून घेतलं.

हात मला हवा आहे. भीक मागावी तसा हवा आहे. पेन धरायला हवा, बाटलीचं झाकण उघडायला हवा, कुणी दारात आलं तर दोन्ही हातांनी हाकलायला हवा. त्याच्याशिवाय मी नुसतं तोंड. आणि तोंडाला घाबरून घरात कुणी टेकत नाही. भावजीसुद्धा मासे पायरीवर ठेवून जातात.

२६ फेब्रुवारी

उद्या.

'मी त्याला सोडला' असं मोठ्याने म्हणून बघितलं, रिकाम्या घरात. म्हटलं, कबूल केल्यावर तरी मूठ सैल होईल. नाही.

२७ फेब्रुवारी

दहापैकी शून्य.

अक्षया रडली. मी तिला म्हटलं, "रडू नको, जेल वितळेल." तिने हात काढला, पुसला, खोक्यात ठेवला. खोक्यातही मूठ मिटलेलीच. लाल बटण तिनेच दाबलं. खोक्यावर बाबूचं नाव लिहिताना तिने माझ्याकडे पाठ केली. चांगल्या घरची मुलगी.

१ मार्च

मिस्सानंतर बस्त्यांवभावजी पायरीवर मासे ठेवून निघाले होते. मीच हाक मारली. आत बसवलं आणि सांगून टाकलं — भावजी, तो सुटला नाही. मी सोडला.

ते खुर्चीतून उठलेच. "कोणी सांगलान तुका? अगो, तुजी मूठ मिटलेली होती! आत आग्नेलाची बाही, बटनासकट. फाटान इलेली. कोणाकच उघडूक जमली नाय. पाद्री म्हणालो, र्‍हवांदे तशीच. म्हणान तशीच त्येच्या कुशीक ठेवलंव."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुका? आयतवारच्या पेपरात इला आसता!"

म्हणजे तेव्हाही मी त्याचं ऐकलं नव्हतं.

नखं रुतताहेत. र्‍हवांदे तशीच.