कोपऱ्यातला वाघ

४ जुलै, शुक्रवार

माहेरची, आप्पांची पेटी काढली शेवटी. खाटेखाली वाळवी लागली म्हणून, नाहीतर हात लावणार नव्हते. भूकंपात चेपलेलं झाकण, उघडंना. उलथन्यानं उचकटलं.

आत आप्पांच्या कापड दुकानाचे कागद. गठ्ठ्यांवरची रंगीत लेबलं, काडेपेटीची चित्रं, विडीच्या बंडलाचे कागद, एस.टी.ची जुनी तिकिटं. पाच-सहा कोरी पोस्टकार्डं — पंधरा पैशांची, कोपऱ्यात वाघ छापलेली.

लेबलांवर लुगडं नेसलेल्या बाया. एकीलाबी तोंड न्हाय. तोंडाच्या जागी भोक!

गंगू. धाकटी बहीण माझी. लहानपणी आमची वाटणी ठरलेली — चित्रातली तोंडं तिची, जनावरं माझी. सासरी आळंदला जाताना सगळी तोंडं कापून घेऊन गेली. मला आज कळतंय.

मालक म्हणले, "रद्दीत घाल." त्यांना सगळंच रद्दी वाटतं.

६ जुलै

टाकवंना. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. चिमूटभर मोरचूद घातलं, म्हणजे झुरळं खात न्हाईत. पुठ्ठ्यावर बाया चिकटवत बसले. भोकात विडीचा कागद लावून बघितला. मग गुलाबी तिकिटाचा तुकडा. बाई चपराक खाल्ल्यावानी दिसाय लागली. काढला.

शेजारची मंजुषा अंगणवाडीत असती. म्हणली, "काकू, ह्याला कोलाज म्हणतात. शहरात लोक भिंतीला लावतात."

म्हणलं, "बिनतोंडाच्या बाया भिंतीला लावून काय करू? पाव्हण्याला भेव दाखवू?"

लई हसली. मला हसू आलं न्हाय.

८ जुलै

अकरा वर्षं झाली. आईला माती दिली त्याच हप्त्यात. गंगू म्हणली, "अक्का, पेटी मला दे."

म्हणलं, "आई दोन वर्षं अंथरुणात हुती तवा फिरकली न्हाईस. आता पेटी न्यायला आलीस व्हय?" चार बायांसमोर बोलले.

तीबी कमी न्हाय. "तुझ्या दारात परत पाय ठेवणार न्हाय."

"मी मेले तरच ये."

"मेलीस की कळव. येते."

चप्पल घालून गेली. वाढलेलं ताट तसंच.

त्या दोन वर्षांत तिच्या नवऱ्याची दोन ऑपरेशनं झालेली. हे मला मागनं कळलं. कळलं तरी फोन केला न्हाय म्या.

११ जुलै

नागपंचमीला अठरा दिवस उरले. दरसाल गंगू गाडीनं यायची. आई स्टँडपर्यंत जायची घ्यायला. मला गावातच दिलेली — गल्ली ओलांडली की माहेर. मला घ्यायला कोण कशाला येतंय? गाडीतनं उतरणारीचा लाडच वेगळा. लई जळायची मी.

आता वाटतं उतरावी एकदा.

१३ जुलै

केलं एक. कोऱ्या कार्डावर. लेबलातल्या दोन बाया बारीक कापून पोरी केल्या. एकीला विडीच्या हिरव्या कागदाचा परकर. वाघ तर पाहिजेच, जनावरं माझी. कार्डावरचाच कापला, उलट्या बाजूला डकवला आन दोघींना त्याच्यावर बसवलं. तोंडं कोरीच ठेवली. तोंडं तिच्याकडं हायत.

इकडच्या बाजूला पत्ता लिहिला. चौथीपर्यंतचं अक्षर माझं, एवढं मोठं झालं की दुसरं काही लिहायला जागा उरली न्हाय. बरं झालं. माफी-बिफी मला येत न्हाय.

१४ जुलै

नवं तिकीट लावून कार्ड टाकलं. पोस्टातला राजशेखर म्हणला, "मावशी, फोन बिघडला का?"

म्हणलं, "तू शिक्का मार."

१५ जुलै

जेवताना मालकांना सांगितलं. म्हणले, वाघ कुठनं आणलास? म्हणलं, कार्डाच्या कोपऱ्यातनं कापला. त्यांचा घास हातातच राहिला.

"अगं, कोपरा कापलेलं कार्ड धाडलंस?"

तवा डोक्यात उजेड पडला. लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्याला हळद लावतात, मयतीच्या कार्डाचा कोपरा फाडतात — शेंबड्या पोरालाबी ठाऊक. कोपरा नसलेलं कार्ड आमच्या आईनं कधी उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाय. आन माझ्या कार्डावर तर शब्दच न्हाय एक.

मेलीस की कळव म्हणली हुती. कळवलं की म्या.

"लाव फोन," मालक म्हणले. "जिवंत हाय म्हणून सांग." नंबर त्यांच्या मोबाइलात हाय.

"लावू नका."

"अगं, रडत-बोंबलत यील ती."

"यिऊ द्या."

ताट सारलं त्यांनी. "तू बाई हायस का कोण गं?" उठून हात धुतला. अर्धी भाकर ताटात.

१७ जुलै

पाप हाय हे. कळतंय मला. दोनदा मोबाइल हातात घेतला. सांगितलं तर यायची न्हाय. न सांगावं तर तिकडं काय हाल झाले असतील —

आळंदहून यायचं तर उमरग्यावरनं; उमरग्याची गाडी दुपारी येती. स्टँडवर जाऊन मीठ घेऊन आले. घरात मीठ हुतं.

१८ जुलै

परत मीठ.

२३ जुलै

नऊ दिवस झाले. पोचलं असणार. कुणी आलं न्हाय. तिच्या घरनं फोनबी न्हाय.

मेले तरी आली न्हाय.

पुठ्ठ्यावरच्या बाया पाणी लावून सोडवल्या. परत पेटीत टाकल्या. दोन फाटल्या.

मालक हळू आवाजात म्हणले, "आता तरी लावू का फोन?"

म्हणलं, "मेलेलं माणूस फोन करतंय व्हय?"

२८ जुलै, सोमवार

राजशेखरनं पाकीट आणून दिलं. आत माझंच कार्ड. वाघ तसाच. दोन्ही पोरींना तोंडं लावलीत. पिवळी पडलेली, जुन्या लेबलावरची तोंडं.

पत्त्याखाली बारीक अक्षर, गंगूचं — "अक्का, मेलेली बाई सोताच्या हातानं पत्ता लिहिती व्हय?"

कापलेल्या कोपऱ्याला नवा कागद जोडलाय. त्याला हळद लावलीय.

उद्या पंचमी. माहेरी निघाले. उमरग्याची गाडी आठला हाय, तिथनं आळंद.