पायऱ्या किती?

कौसानी, १४ ऑक्टोबर १९९१

ती. अक्का,
माधवचा हिमालयातून नमस्कार.

सुखरूप पोहोचलो. स्वेटर घालतो, गोळ्या वेळेवर घेतो. जेवणाची काळजी करू नकोस. टूरचा आचारी बडोद्याचाच आहे, इथेही डाळीत गूळ घालतो.

काल बसमध्ये जो तो कौसानीलाच का आलो ते सांगत होता. मेहतांची ऑफिसची प्रवास-सवलत, एलटीसी, वाया जाणार होती. पादरा गावच्या पटेलांचे शेजारी गेल्या वर्षी येऊन गेले, मग यांनाही यायचंच होतं. मी म्हटलं, बायकोने ठरवलं होतं. अहल्या गेल्यावर बुकिंग रद्द करायचं सुचलंच नाही, म्हणून आलो. तिच्या सीटवर थर्मास ठेवतो.

बर्फाचे डोंगर हॉटेलच्या व्हरांड्यातूनच दिसतात. लोक हात जोडतात. मला काहीच वाटलं नाही. छान आहेत.

मी समजत होतो, तिला बर्फ बघायचा होता. आज टूरवाले पुरंदरे सहज म्हणाले, "काकूंनी प्रत्येक टूरबद्दल एकच विचारलं, पायऱ्या किती? सगळ्यात कमी इथे होत्या."

अक्का, ती दर नवरात्रात देवीला पावागडच्या सगळ्या पायऱ्या पायी चढायची. गुडघ्यांमुळे मीच खाली चहाच्या टपरीवर बसून राहायचो.

तुझं बीपी आता कसं आहे? आमच्या तुळशीला पाणी घालतेस ना?

आणि एक विचारायचं होतं. तिला खरं कुठे जायचं होतं, ते तुझ्याजवळ कधी बोलली होती का? मी विचारलं नव्हतं.

तुझा,
माधव