मागची सीट

बेगमपुरा, औरंगाबाद
सोमवार, १४ डिसेंबर २००९

माननीय तात्यासाहेब,

गयासचा सलाम. वहिनीसाहेबांना नमस्कार. आम्ही सगळे इथं खुशाल आहोत. तुम्हीही पुण्यात खुशाल असाल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवली नाही. फोन केला की आशावहिनी उचलतात आणि तुम्ही झोपलेले असता. सकाळी झोपलेले, दुपारी झोपलेले, परवा तर दिवेलागणीलाही झोपलेले. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी काढलेला माणूस इतकं झोपू शकतो हे मला मान्य आहे, पण वहिनी बोलत असताना मागून तुमच्याच खोकल्याचा आवाज येत होता. म्हणून पत्र लिहितोय.

नानाचा मात्र फोन आला. येत्या रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला, तुमची बुलेट न्यायला. पुण्यात कुणी गिऱ्हाईक बघितलंय, तो गेअर डाव्या पायाला करून घेणार, सेल्फ बसवणार, नवा रंग मारणार. तुम्हाला विचारलंय का, असं मी त्याला विचारलं. "बाबा काही बोलत नाहीत चाचा, म्हणजे हो असंच समजायचं," असं म्हणाला. बरं, त्यावर पुढं लिहितो.

इकडची हालहवाल सांगतो. थंडी चांगली पडलीय. मेहरुन्निसाचे गुडघे तिच्या ताब्यात नाहीत, जीभ आहे. सून नजमानं बिनगेअरची स्कूटर घेतली. मागच्या आठवड्यात मी ती घेऊन शहागंजला भाजी आणायला गेलो. समोर हातगाडी आडवी आली आणि माझ्या डाव्या हातानं झटकन क्लच दाबला. त्या गाडीला क्लच कुठं असतो? तिथं ब्रेक असतो. भर बाजारात मी असा गचकन थांबलो की पिशवीतली वांगी रस्त्यावर, आणि मागचा रिक्षावाला मला म्हणतो, "क्या चच्चा, घर से पूछ के निकले थे क्या?" बुलेटनं हाताला लावलेली सवय, दुसरं काय.

आता तुम्ही चष्मा वर करून विचाराल की गयासला बुलेटची सवय कधीपासून लागली? तो तर जन्मभर मागं बसला.

सांगायचं नव्हतं, पण निसटलं. आता सांगतोच. तात्यासाहेब, मी तुमची गाडी चालवतो.

तुम्ही पुण्याला गेलात तेव्हा चावी देताना एवढंच म्हणाला होतात, "स्टार्ट करत जा अधूनमधून." ते मी इमानेइतबारे करत होतो. पॉइंट घासले, प्लग साफ केला, क्लचची केबल बदलली. हे काही नवीन नाही, गाडी तुमची आणि काळे हात माझे, हा आपला करार जुनाच आहे. शाळेत भूगोल शिकवून आलो की तुमच्या अंगणात पोतं अंथरून बसायचो, आणि तुम्ही शेजारी खुर्ची टाकून मला सूचना द्यायचे, ज्या मी कधी ऐकल्या नाहीत. पण स्टार्ट करणं ही दोन माणसांची गोष्ट होती. मी वाकून अँपिअरचा काटा बघायचो, काटा मधोमध आला की "हां" म्हणायचो आणि तुम्ही किक मारायचे. एकट्यानं करायचं म्हणजे काटाही आपणच बघायचा, "हां" पण आपणच म्हणायचं. मी म्हणतो अजून. सवयीनं तोंडातून जातं. मेहरुन्निसा स्वयंपाकघरातून विचारते, कुणाला म्हणताय?

मग नुसती उभी गाडी सुरू करून बंद करायला जिवावर यायला लागलं. एक दिवस गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. नंतर छावणीपर्यंत. या वयात शिकलो, पण एक बरं होतं, मला आधीची कुठलीच सवय नव्हती. उजव्या पायाला गेअर, डाव्याला ब्रेक, हेच पहिलं शिकलो. तुमचं उलटं झालं. जन्मभर डाव्या पायानं थांबलेला माणूस तुम्ही. नानाच्या नव्या गाडीवर करमाडहून येत होता, शेंद्र्याच्या अलीकडं शेळी आडवी आली, आणि तुम्ही डावा पाय दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी गेअर पडला आणि तुम्ही शेळीला वाचवायला खड्ड्यात गेलात. नाना म्हणतो त्या जुन्या खटाऱ्यानं घात केला. त्याचं चूक म्हणवत नाही. बापाचा पाय आखूड झालेला रोज बघणं सोपं नसेल.

तर काल मी म्हैसमाळला जाऊन आलो.

इथं जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक गट आहे, दर रविवारी कुठंतरी जातात. बँकेतले आहेत, कंपनीतले आहेत, एक दाताची डॉक्टरीण आहे, तिच्याकडं येझदी आहे. छावणीत मला थांबवून त्यांनी तुमची गाडी न्याहाळली आणि म्हणाले, अंकल, चला. मी नको म्हणणार होतो. पण जहांगीरभाई आठवले. अल्ला त्यांना जन्नत देवो, जावाचा धूर सोडत म्हणायचे, "बुलावा आया तो जाना. दुबारा आये ना आये." मग गेलो.

दौलताबादचा घाट मी पहिल्यांदा समोरून पाहिला. हसू नका. इतक्या वेळा गेलो, पण मला घाट म्हणजे तुमची पाठ, तुमचं ते राखाडी स्वेटर आणि डाव्या-उजव्या बाजूचा डोंगर. रस्ता तुम्ही बघायचे, डोंगर मी बघायचो. मी सांगायचो, तात्यासाहेब, शेवरीला फुलं आलीत, किल्ल्यावर ढग टेकलाय, आणि तुम्ही मान न वळवता विचारायचे, "कसा दिसतो?" काल मला नुसता रस्ता दिसला. खड्डे, खडी, समोरचा ट्रक. खुलताबाद आलं तरी मला कळलं नाही की डोंगरावर यंदा गवत कसं आहे. सांगायलाही कुणी नव्हतं; तेवढीच एक फिकीर कमी, असं मी स्वतःला सांगितलं.

म्हैसमाळला चहा झाला. पोरं चांगली आहेत, मान देतात, फोटो फार काढतात. परत येताना मी त्यांना म्हटलं, फुलंब्रीवरून जाऊ, आमचे काकासाहेब तिथं असतात, हुरडा खाऊ घालतील. आपली परतीची वाट तशीच असायची की नाही? तुमची बुलेट, जहांगीरभाईंची जावा, आणि काकासाहेबांची राजदूत, दुधाचे कॅन काढूनही दुधाचा वास येणारी.

काकासाहेबांना आता जवळजवळ दिसत नाही. तुम्हाला कुणी कळवलं नसेल. मळ्यात बाजेवर बसले होते. पोरांच्या गाड्या मागं राहिल्या होत्या, मी एकटाच आत शिरलो. गाडीचा आवाज ऐकला आणि म्हातारा बाजेवरून उठला. काठी न घेता चार पावलं पुढं आला. चेहरा असा झाला होता की मला गाडी बंद करवेना.

"तात्या," म्हणाले, "लई दिवसानं आलास रं. म्या वळखला आवाज. अन् गयास कुठंय? मागं नाय व्हय?"

मी गाडी बंद केली. म्हटलं, "काकासाहेब, मी गयासच. पुढं मीच हाय. मागं कुणी नाय."

ते हात पुढं करून चाचपत आले, टाकीवरून हात फिरवला, हँडलवर फिरवला, मग मागच्या सीटवर ठेवला आणि तिथंच ठेवून उभे राहिले. "मंग रिकामीच आणली," असं म्हणाले. त्यानंतर पोरं आली, आगटी पेटली, हुरडा झाला, चटणी झणझणीत होती, काकासाहेबांनी राजदूतच्या सगळ्या थापा मारल्या. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या पाठीवर बसून आलं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

मला गाडी चालवायला आवडत नाही, तात्यासाहेब. कधीच आवडलं नसतं, म्हणून तर शिकलो नव्हतो. मला तुमच्या मागं बसायला आवडायचं. गाडी सांभाळतो ती गाडीसाठी नाही. ती माझ्या शेडमध्ये आहे तोवर तुम्हाला इथं एक काम शिल्लक आहे, असं मी धरून बसलोय. रविवारी ती टेम्पोत चढली की तुम्हाला औरंगाबादला यायचं कारण उरत नाही. करमाडची जमीन वाट्यानं दिली, घर भाड्यानं दिलं. मी राहिलो. आणि माझा फोन तर तुम्ही घेत नाही.

का घेत नाही तेही मला कळतं. तुम्हाला किक मारता येत नाही आता. आणि तुम्ही कुणाच्या मागं बसत नाही. तुमच्या लग्नात सासऱ्यांनी मोटार पाठवली तर तुम्ही ड्रायव्हरला उठवून स्वतः बसलात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अशा माणसानं इथं येऊन काय करायचं, खुर्चीत बसून मला पॉइंट घासताना बघायचं? तुमची शरम मला समजते. पण त्या शरमेपायी मी एकटा पडलोय, हे तुम्हाला समजतं का ते मला माहीत नाही.

नानाला मी आज फोन करून सांगितलं की चावी देणार नाही. चिडला. चिडू द्या. गाडीच्या मालकानं इथं येऊन, माझ्यासमोर उभं राहून, तोंडानं सांगावं की गयास, विकून टाक. मी त्याच दिवशी टेम्पोत चढवून देईन, आणि नानाला चहा पाजून पाठवीन.

पण आलात तर त्याआधी एकदा म्हैसमाळला जायचं. मी चालवणार. घाबरू नका, हळू चालवतो, पोरं मला हसतात. काठी आडवी धरा, आखूड पाय सावकाश टाका, मी गाडी घट्ट धरून उभा राहतो. तुमच्या मागं बसून माझी इज्जत कधी कमी झाली नाही. तुमचीही होणार नाही. रस्ता मी बघीन. डोंगर कसा दिसतो ते मात्र तुम्हाला सांगावं लागेल, मला मान वळवता येत नाही.

वहिनीसाहेब, पत्र वाचून दाखवू नका, त्यांच्या हातात द्या.

तुमची वाट बघणारा, आणि या वयात तसं सरळ लिहायची लाज सोडलेला,

गयास