तीस दिवसांची टोपली

आबा, तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली, आणि जमिनीचे एजंट अजून येतात. फक्त आता गाडीनं येत नाहीत, मेलवर येतात. मेल म्हणजे कॉम्प्युटरवरचं टपाल, एवढं समजून घ्या. पोस्टमन नाही, तिकीट नाही, म्हणून कुणीही उठतो आणि पाठवतो. सकाळी लोकलनं घोरावाडी स्टेशनला उतरून कंपनीच्या गेटपर्यंत पोचतो तोवर दहाबारा आलेले असतात. 'लोणावळ्याच्या कुशीत तुमचं स्वप्नातलं फार्महाऊस.' 'औंढ्यात रस्त्यालगत जागा, फक्त तुमच्यासाठी.' एकानं तर मला औंढ्यातलं आपलंच वरचं खाचर विकायला काढलं, फोटोसकट. फोटोत बांधावर पाठमोरा मीच उभा होतो.

तुमच्या वेळी शनिवार उजाडला की पांढऱ्या गाड्या यायच्या. तुम्ही पडवीत बसलेले. आलेल्याला आईच्या हातचा चहा पाजायचात, भर उन्हात अख्खं रान फिरवून आणायचात, आणि त्यानं घाम पुसत विषय काढला की म्हणायचात, "बघू की, घाई काय हाय?" त्या 'बघू की'वर एक जण सहा वर्षं येत राहिला, शेवटी त्याच्या मुलीच्या लग्नाला तुम्ही आहेर घेऊन गेलात. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलेलो, म्हणजे अतिशहाणा. एकदा तुमच्यादेखत एकाला सांगितलं, विकायची नाही, पुन्हा येऊ नका. तो गेला. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणालात, "दारात आलेल्याचं ऐकून तरी घ्यावं. न्हाई काय, कवाबी म्हनता येतंय." आक्का भाकरी वाढत होती, ती हसली. मला तुमच्यापेक्षा तिचाच जास्त राग आला.

मेलच्या बाबतीत मी आधी तुमच्याच पद्धतीनं गेलो. प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नको असल्यास इथे दाबा. मी सभ्यपणे दाबत गेलो. घरात माणूस आहे एवढं त्यांना कळलं, आणि दहाबाराचे चाळीस झाले. मग आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या बाईंनी फिल्टर लावायला शिकवला. म्हणाल्या, "सर, शब्द सांगा. तो शब्द असलेला मेल थेट केराच्या टोपलीत जाईल, आणि तीस दिवसांनी टोपली आपली आपण रिकामी होईल." मी घडाघडा सांगितले: जमीन, प्लॉट, सातबारा, गुंठा, फार्महाऊस. दुसऱ्या दिवसापासून इनबॉक्स सारवलेल्या अंगणासारखा. डबा खाताना मी चारचौघांना फोन उघडून दाखवायचो.

गेल्या आठवड्यात पोरीच्या कॉलेजचं प्रवेशपत्र सापडेना. घरात आरडाओरडा झाला. शेवटी टोपली उपसली तर पत्र तिथं. कॉलेजच्या पत्त्यात 'प्लॉट नंबर' होता, बिचाऱ्यांचा दुसरा काही गुन्हा नव्हता. आणि त्याच्याच खाली, दोन फार्महाऊसच्या मधोमध, आक्काचा मेल. विषय: औंढ्याची जमीन. अठ्ठावीस दिवस पडून होता.

इथं तुम्हाला एक सांगायला हवं. सातबारावर आम्हा दोघांची नावं लागली. तीन वर्षांपूर्वी मी आक्काला हक्कसोडपत्राचा मसुदा मेलनं पाठवला, म्हणजे तिनं आपला हिस्सा माझ्या नावावर सोडावा. गावातल्या सगळ्या बहिणी करतात तशीच सही, त्यात काय, असं मला वाटलं. खाली एकच ओळ: 'सही करून पाठव.' उत्तर नाही आलं म्हणून तोच मेल पुन्हा. असा चार वेळा. कशी आहेस, गुडघा काय म्हणतो, काही नाही. त्या फार्महाऊसवाल्यांनी निदान नमस्कार तरी लिहिलेला असतो. तेव्हापासून ती भाऊबीजेलाही आली नाही.

आता तिनं लिहिलं होतं, "तुझे चारही मेल वाचले. सही करणार नाही. वरचं खाचर मला हवं आहे, विकायला नको, शाळेतली नोकरी संपली की भात लावायला. तुला पटत नसेल तर तसं सांग. एक महिना वाट बघते. उत्तर आलं नाही तर समजेन की तुला बहीण नको, आणि पुन्हा विचारणार नाही."

मी टोपली बंद केली. पोरीला तिचं पत्र काढून दिलं आणि चहा मागितला. दोन दिवसांनी मेल आपोआप जाणार होता. मला काही करायचंच नव्हतं. न मिळालेल्या पत्राला कोण उत्तर देतं? आणि खाचर तर आपलं सगळ्यात चांगलं. हे मी दिवसभर स्वतःला समजावलं, आणि दुसऱ्या दिवशीही समजावलं. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्या बाई नव्या लोकांना सांगत होत्या, "इनबॉक्स कसा ठेवायचा ते सरांकडून शिका." सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. मी डबा तसाच झाकला. उठून बाहेर आलो, मेल टोपलीतून काढला आणि आक्काला फोन लावला.

"जिता हाईस व्हय?" ती म्हणाली. शाळेत शुद्ध बोलते, माझ्यावर चिडली की थेट औंढ्याच्या बोलीत येते.

"आक्का, तुझा मेल टोपलीत गेलता. मला दिसलाच न्हाई. आत्ता सापडला."

"आत्ता?"

"आत्ताच."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. "आन मी म्हैनाभर तुला उगंच शिव्या घालतीया," ती म्हणाली. "चुकलंच माजं." रविवारी ती येतेय, खाचर बघायला.

आत्ता सापडला नव्हता, आबा. आदल्या दिवशी सापडला होता, आणि तो जावा म्हणून मी वाट बघत होतो. तिनं माझी माफी मागितली आणि मी ती घेतली. हे तिला लिहायला बसलो होतो. लिहिलं तुम्हाला, कारण तुमच्याकडून उलट उत्तर येणार नाही.