अर्ज सुहासिनीचा, सर्टिफिकिटं मालनची

भांडुप, ता. १० मे १९५६

ती. कुंदाआत्या हिला मालनचा सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? वैद्यांचं तेल लावतेस की नुसती बाटली उन्हात ठेवतेस? आम्ही खुशाल. वाट लागली आहे ती माझ्या अर्जाची.

मुलुंडच्या शाळेत तिसरीला बाई हवी आहे, असं तूच कळवलंस. मी अर्ज केला तो सौ. सुहासिनी जयवंत गुप्ते या लग्नातल्या नावानं. जोडलेली मॅट्रिकची आणि ट्रेनिंगची सर्टिफिकिटं मात्र कु. मालन दशरथ कर्णिकची. त्यात तू शिफारस धाडलीस, तीही मालनची! हेडमास्तर ह्यांना म्हणाले की सुहासिनीबाईंचा अर्ज आहे पण सर्टिफिकिटं नाहीत, आणि मालनबाईंचं सगळं उत्तम आहे पण अर्जच नाही. मालनबाई आल्या असत्या तर लगेच घेतलं असतं म्हणे. हे हसत घरी आले. मला रडूच आलं. इतकं शिकून मीच माझ्या आड आले. शनिवारी, १९ तारखेला मुदत संपते. काय करू?

तुझी
मालन


अंधेरी, ता. १२ मे

चि. मालनला अ. आ. सुहासिनी नावाच्या बाईंशी माझी ओळख नाही. भेटल्या तर त्यांनाही आशीर्वाद सांग.

ताटात तांदूळ पसरून अंगठीनं चार अक्षरं लिहायची आणि शिकलीसवरली मुलगी पुसून टाकायची, ही कुठली रीत? कॉन्व्हेंटात नन्सनी मला कॅथरीन करायचा घाट घातला होता. मी आठवडाभर हाकेला ओ दिली नाही. लग्न केलं नाही त्याचं एक कारण हेच. दुसरं कारण, सांगून आलेली स्थळं.

आता रडणं पुरे. मी चौकशी केली आहे. मालन आणि सुहासिनी एकच, असं प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटपुढे करायचं. साक्षीला नाव ठेवताना हजर असलेलं सासरचं वडील माणूस लागतं. सासरे नाहीत, म्हणजे तुझ्या सासूबाई, जानकीबाई. सर्टिफिकिटांच्या नकला स्वतःच्या हातानं काढ, डाग पाडू नकोस. त्या कुरकुरल्या तर कळव. मी गुडघ्यासकट येते.

कुंदाआत्या


भांडुप, ता. १५ मे

ती. आत्यास सा. न.

येऊ नकोस गं! आईंना विचारलं आणि घरात अबोला आला. त्या म्हणाल्या, मुलगी बघायला आलो तेव्हा तू हसलीस, ते हसू बघून मी हौसेनं नाव शोधलं. आता ते चुकलं म्हणून साहेबापुढे सांगायला जाऊ का? तेव्हापासून मला मीठ हवं का, हेसुद्धा ह्यांच्यामार्फत विचारतात. हे बिचारे दोघींमध्ये मिठाची बरणी घेऊन उभे.

नोकरी मला हवीच आहे, आत्या. पण त्यांना दुखवून मिळालेली शाळा रोज टोचेल.

मालन


अंधेरी, ता. १६ मे

चि. मालन, अ. आ.

हसण्यावरून नाव ठेवलं हे मला ठाऊक नव्हतं. बाईला नजर आहे. रीत मात्र वाईट ती वाईटच.

एक कर. त्यांचं माहेरचं नाव काय होतं, ते विचार. नुसतं विचार आणि गप्प बस. भांडायचं खातं माझ्याकडे आहे, तू त्यात शिरू नकोस. पत्र मिळताच विचार, शनिवार काही थांबायचा नाही.

कुंदाआत्या


भांडुप, ता. २१ मे

ती. आत्यास साष्टांग नमस्कार, आणि या खेपेला जरा वाकून.

आई तांदूळ निवडत होत्या तेव्हा विचारलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, धाकू. अलिबागेला त्यांची आई त्यांना धाकू म्हणायची. ती गेली आणि त्या नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नाही. एवढं सांगून पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मीही गप्पच बसले.

शुक्रवारी सकाळी बघते तर ठेवणीतलं लुगडं नेसून तयार! मॅजिस्ट्रेटनी विचारलं, या दोघी खरंच एकच का? आई फणकारल्या की दोन असत्या तर घरात कामाला एक तरी सापडली असती. कारकूनसुद्धा हसला.

शनिवारी शाळेत कागद दिले. आई सोबत होत्याच. हेडमास्तरांनी सर्टिफिकिटं पुन्हा पाहिली, चार प्रश्न विचारले आणि जूनपासून यायला सांगितलं. मग मस्टरवर कोणतं नाव घालू, म्हणाले. मी आईंकडे पाहिलं. त्यांनीच पुढे होऊन सांगितलं की ज्या नावानं ही शिकली, त्याच नावानं शिकवू दे.

फाटकाबाहेर आल्यावर मात्र मला बजावलं, घरात तू सुहासिनीच हं. मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, आत्या. रागावू नकोस.

माझ्यावरचा तुझा लोभ आहे तसा राहू दे, आणि त्यातला थोडा आईंकडे वळव.

तुझी
मालन