तिसरी पुकार

शनिवार, १ नोव्हेंबर
आज पहाटे गुडघे टेकून धाकट्या भावाला, उत्तमला, मनापासून माफ केलं. एकदम हलकं वाटलं. त्याला कळवायची गरज नाही. ज्याला कळायचं त्याला वर कळलंय.
सुमेधा म्हणाली, मग मोहन्याला त्यांच्या घरी जाऊन त्यांनाही सांगा की. बायकोला अध्यात्मातसुद्धा घाई.
झालं होतं असं. गेल्या नाताळात उत्तमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना मी करत होतो. राज्यकर्त्यांपासून सुरुवात करून आजाऱ्यांपर्यंत आलेलो. विधवा, अनाथ आणि डोंबिवलीचे रस्ते बाकी होते. तेवढ्यात उत्तमने मोठ्याने आमेन म्हटलं आणि मटणाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. मागोमाग सगळे आमेन. माझी बायकोही. मी न जेवता उठलो. तेव्हापासून बोलणं बंद.

रविवार, २ नोव्हेंबर
कल्याणच्या चर्चमध्ये पुतणीच्या, पायलच्या, लग्नाची पहिली पुकार. पाळकसाहेबांनी दोघांची नावं वाचली, कोणाची हरकत असल्यास सांगा म्हणाले आणि थांबले. ओळीने तीन रविवार असं विचारतात. हरकत कोणाचीच नसते.
उत्तम पुढच्या बाकावर. एकदाही मागे वळला नाही. उपासनेत मागे वळू नये हे खरं, पण तरी.
संकल्प : लग्नाच्या न आलेल्या आमंत्रणाचं सगळं प्रभूवर सोपवायचं. तोच उत्तमचं मन मऊ करील.

बुधवार, ५ नोव्हेंबर
पायलचा सुमेधाला फोन. मोठ्या पप्पांशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही, आशीर्वादाची प्रार्थना त्यांनीच करायची, म्हणाली. पण पप्पा म्हणतात, दादाने आधी घरी यावं.
म्हणजे अर्धं मन मऊ झालं. उरलेलं अर्धंही होईल. मी मध्ये लुडबुड करणार नाही.
सुमेधा म्हणाली, अहो, प्रभूने तुम्हाला पाय दिलेत. म्हटलं, गुडघे दुखतात. म्हणाली, टेकताना बरे दुखत नाहीत!

रविवार, ९ नोव्हेंबर
दुसरी पुकार. प्रवचनाचा विषय : अर्पण आणलंत आणि भावाशी बिनसलेलं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी भावाकडे जा. फार सुंदर विवेचन. उत्तमने नीट ऐकलं असेल अशी आशा आहे.
दारात पाळकसाहेबांनी हात धरून विचारलं, रतनभाऊ, संदेश कसा वाटला? म्हटलं, ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी अगदी योग्य.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
आज्ञा म्हणजे आज्ञा. मोहन्याला निघालो. कल्याणला शेअर रिक्षात बसलो. रिक्षावाला म्हणाला, काका, अजून एक सीट भरली की निघू. मनात म्हटलं, प्रभू, तुझी इच्छा असेल तर ती सीट भर. लगेच एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या.
आता या बाई प्रभूने पाठवल्या की त्यांना मोहन्यालाच जायचं होतं? चिन्ह कसं स्पष्ट हवं. उतरलो. रिक्षावाला बरंच काही बोलला, त्यालाही माफ केलं. भेळ घेऊन घरी आलो.

शनिवार, १५ नोव्हेंबर
मार्ग सापडला! घरात गुपचूप कशाला? उद्या मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची, की मी उत्तमला क्षमा केली आहे. सगळ्यांनाच आशीर्वाद. चार पानं लिहून काढली.
सुमेधाला वाचून दाखवली. म्हणाली, यात भावोजींच्या सगळ्या चुका आल्या, तुमची एकही नाही. आता क्षमा करणाऱ्याची चूक कशी असेल?

रविवार, १६ नोव्हेंबर, दुपार
लिहवत नाही.
तिसरी पुकार. आज मुलाकडचेही आलेले. पाळकसाहेब म्हणाले, हरकत असल्यास आत्ताच सांगावी. थांबले. चर्च अगदी शांत. मला वाटलं, हीच वेळ. उभा राहिलो, खोकलो, म्हणालो, मंडळी, मला या कुटुंबाबद्दल काही सांगायचं आहे.
मुलाची आई अगं बाई म्हणून छातीला हात लावून बसली. पायल रडायला लागली. पाळकसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, रतनभाऊ, हरकत लेखी आहे का? हातात चार पानं होतीच.
म्हटलं, ही हरकत नव्हे, क्षमा आहे. ते ऐकून मुलाचा बाप आणखीच घाबरला. कसली क्षमा, काय केलंय मुलीने, असं विचारू लागला. सुमेधाने मला शर्ट धरून खाली बसवलं आणि उभी राहून सगळ्यांना सांगितलं, काही नाही, मटणाचा विषय आहे.
उत्तम अखेर मागे वळला. डोळ्यांत पाणी होतं. राग असता तर परवडला असता.

संध्याकाळ
मोहन्याला गेलो. चिन्ह मागितलं नाही. रिक्षातली शेवटची सीट मीच भरली.
दार पायलने उघडलं. डोळे सुजलेले. मागे उत्तम. पानं घरीच राहिली होती. म्हटलं, उत्तम, चुकलं रे माझं. तेव्हाही आणि आजही.
उत्तम म्हणाला, दादा, तुला एवढं थोडक्यात बोलता येतं? पायल रडता रडता हसली. म्हणाली, मोठे पप्पा, लग्नात पण एवढंच बोला.
चहा आला. उत्तम म्हणाला, दादा, प्रार्थना कर. सगळ्यांनी डोळे मिटले.
प्रभू, आभार. आमेन.
कोणीच डोळे उघडेना. अजून बरंच बाकी असणार, असं समजून सगळे तसेच बसून राहिले. मी हळूच कप उचलला. चहा गरम होता.